वाट पाहायला शिकवलेला बॉम्ब

मित्रांनो, मी एक जुना अमेरिकन बॉम्ब आहे. माझी पाठ गंजली आहे, पण पोटातली दारू अजून जिवंत आहे. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावात, एका घराच्या मागच्या बागेत, ओल्या चिकणमातीत मी पडून आहे. जवळ येऊ नका. आहात तिथूनच ऐका.

महायुद्ध पेटलं होतं, तेव्हा अमेरिकेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात कढत दारू ओतणाऱ्या बायकांचे हात त्या दारूने पिवळे पडले होते. "हा गेला की लढाई लवकर संपेल," असं त्या म्हणायच्या. मला फार अभिमान वाटायचा.

मग जहाजातून मी इंग्लंडला आलो. एका सकाळी विमानाखाली गाड्यावर पडलो असताना एक कर्नल आणि एक तरुण मेजर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. समुद्रापलीकडे फौजा उतरवण्याआधी जर्मनांचे विमानतळ मोडून काढायचे, तेही दिवसाढवळ्या, असा त्यांचा बेत होता.

मेजर म्हणाला, "सर, धावपट्टी फोडली तरी ते लगेच खड्डे बुजवतात."

"म्हणून तर हे बॉम्ब," कर्नल म्हणाला. "हे पडल्यावर फुटत नाहीत. दुरुस्तीला माणसं जमली की फुटतात."

तेव्हा मला माझं काम कळलं. माझ्या शेपटीत एक काचेची कुपी होती. ती फुटली की आतला द्रव एका पातळ चकतीला हळूहळू विरघळवणार होता. चकती संपली की मी फुटणार. आणि कुणी शेपूट उघडून मला थांबवायला गेलं, तर त्याच क्षणी फुटणार. थोडक्यात, मला वाट पाहायला शिकवलं होतं.

मेजर अडखळला. "पण खड्डे बुजवायला जर्मन शिपाई येत नाहीत, सर. आसपासच्या डच गावकऱ्यांना बंदुकीच्या धाकानं आणतात."

कर्नलने माझ्या पाठीवर हात ठेवला. "ठाऊक आहे. पण ती विमानं उडाली तर आपली किती पोरं मरतील, तेही मला ठाऊक आहे." मग हात काढून घेत तो म्हणाला, "चढवा."

दुपारी ढगांतून मी सुटलो. धावपट्टी चुकली. मी बीटच्या शेतात खोल घुसलो आणि मऊ मातीत वळून नाक वर करून अडकलो. कुपी फुटली, पण द्रव चकतीपासून लांब ओघळला. माझे भाऊ मात्र नेमके पडले होते. दुसऱ्या दिवशी जमिनीतून मला फावड्यांचे आवाज ऐकू आले. माणसं एकमेकांना हाका मारत होती. मग हादरा बसला. त्यानंतर फावड्यांचे आवाज आले नाहीत.

मित्रांनो, माझा अभिमान त्या दिवशी गेला.

लढाई संपली. कर्नलचं काय झालं, मला माहीत नाही. माझ्यावर पुन्हा बीट पिकलं, मग रस्ते झाले, घरं झाली. बांधकामाआधी यंत्राने जमीन तपासली गेली होती, पण माझ्या अगदी वर एक जुना लोखंडी पाइप होता. यंत्र वाजलं, पाइप सापडला, माणसं निघून गेली. सगळे मला विसरले. विसरलेल्या वस्तू दुःखी होतात म्हणतात. मी मनातून म्हणायचो, असंच विसरलेलं राहू दे.

या घरात पुण्याचं एक कुटुंब राहतं. यतीन कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याची बायको लतिका त्याच्या व्हिसावर आली होती, आता पाळणाघरात नोकरी करते. त्यांच्या लेकीला, सानिकाला, मराठी समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. गवतावर तिच्या उड्या मला रोज ऐकू यायच्या आणि दर उडीला मी जीव मुठीत धरायचो.

आज शनिवार. बागेत खोली बांधायची म्हणून यतीनने खोदायचं छोटं मशिन भाड्याने आणलं होतं. त्याचा दात माझ्यावर आपटला आणि मी कलंडलो. इतकी वर्षं लांब राहिलेला द्रव चकतीकडे सरकला.

"व्हॉट वॉज दॅट?" सानिका धावत आली.

"पाइप असेल गं. जरा ठोकून बघतो," यतीन फावडं घेऊन म्हणाला.

लतिका खड्ड्यात वाकली आणि तिचा चेहरा उतरला. "यतीन, फावडं टाक."

"अगं, मशिन आज परत द्यायचंय."

"मशिन गेलं खड्ड्यात! पाइपला शेपटी असते का? सानिकाला उचल आणि आहे तसा बाहेर चल."

तिनेच फोन केला. पोलीस आले, मागोमाग लष्कराचं बॉम्बनाशक पथक आलं. त्यांचा प्रमुख यूस्त एकटाच माझ्याजवळ उतरला. त्याने माझी शेपूट पाहिली आणि हात न लावता वर गेला.

"ही उघडता येणार नाही. हलवताही येणार नाही," तो लतिकाला म्हणाला. "आत कधी काय होईल, सांगता येत नाही. इथेच फोडावा लागेल."

"आणि आमचं घर?"

"जाईल. शेजारचंही कदाचित."

लतिकाने डोळे पुसले. "चालेल," ती म्हणाली.

यंत्रांनी माझ्यावर वाळू रचली. आळी रिकामी झाली. सगळी तयारी झाल्यावर, वायरलेसवर यूस्तचा आवाज आला, "आत कुणी राहिलंय का?"

"दारं वाजवली, कुणी नाही," उत्तर आलं.

तेवढ्यात लांबून लतिका ओरडली, "थांबा! कोपऱ्यावरच्या आजींना ऐकू येत नाही. त्या दार उघडणारच नाहीत. मागच्या बाजूनं जा!"

माझ्या आत चकती पातळ होत होती. यूस्तला ते ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "सगळे जागेवर थांबा," आणि स्वतः धावत आळीत शिरला. त्याची पावलं माझ्यापासून जवळच होती. मला फक्त वाट पाहता येते, मित्रांनो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ती मनापासून पाहिली. फुटू नकोस, फुटू नकोस, असं स्वतःलाच बजावत राहिलो.

ती दोघं बाहेर पडली. आजींच्या काठीचा आवाज लांब लांब गेला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कदाचित तुमच्याही हाती नकाशे येतील, आणि तुमच्या एका शब्दावर माझ्यासारखे निघतील. तो शब्द उच्चारण्याआधी यूस्तसारखं विचारा, आत कुणी राहिलंय का? आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.

आता यूस्त उलटे आकडे मोजतो आहे. कान झाका.