उघडा फोटो

मी पोल्तावा प्रांतातल्या एका गावच्या वाचनालयातला ओकचा फलक बोलतोय. माझ्या माथ्यावर कोरलंय, 'आमच्या मातीत जन्मलेली मोठी माणसं'. हाव्रिलो सुताराने मला घडवलं तेव्हा माझ्यावर तीनच फोटो होते. एक गायिका, बिटाचं नवं वाण काढणारे एक शास्त्रज्ञ आणि वजनं उचलणारा एक पैलवान. खाली सगळी मोकळी जागा.

"भरेल हळूहळू. घाई काय आहे?" हाव्रिलो म्हणाला होता.

लोक माझ्यापुढे उभे राहून भांडायचे. "गायिका कसली आपली? पलीकडच्या गावची ती!" "अहो, तिची आई बाळंतपणाला इथेच आली होती, मग आपलीच की!"

आमच्याकडे लग्नात लागतं तेच लाल भरतकामाचं लांब वस्त्र गेलेल्या माणसाच्या फोटोवर घालतात. जिवंत माणसाचा फोटो उघडा. वाचनालय सांभाळणाऱ्या रायिसाने एकदा हौसेने पैलवानालाही वस्त्र चढवलं आणि तो नेमका सत्काराला हजर! "काय गं, मला जिवंतपणीच पोचवलंस होय?" सगळे पोट धरून हसले. तसं हसणं इथे पुन्हा ऐकलं नाही.

मग लढाई आली. मोकळी जागा गावच्या पोरांनी भरायला लागली. पहिल्या फोटोला सारं गाव रडलं. नंतर नंतर रायिसा खिळा ठोकायची, वस्त्र घालायची आणि चहा ठेवायची. मलाही काही वाटेनासं झालं.

ओस्ताप ट्रॅक्टर चालवायचा. रायिसा त्याची धर्ममाता, बाप्तिस्म्याला त्याला हातात धरलेली. तो आघाडीवर बेपत्ता झाला. सरपंच म्हणाले, "त्याचाही फोटो लावू या."

त्याची आई झोया म्हणाली, "लावा. पण वस्त्र घालाल तर याद राखा! सापडत नाहीये तो. मेलेला नाही."

म्हणून त्या रांगेत एकटा ओस्ताप उघडा. झोया पाव आणायला निघाली की आत डोकावायची, कमरेला पुढे बांधलेल्या फडक्याने काच पुसायची आणि त्याला दटावायची, "केस काप म्हटलं होतं ना तुला? नुसता झिपऱ्या!" मग निघून जायची. मी त्या दटावण्याची वाट बघायचो. तेवढंच काय ते वाटायचं.

सापडलेल्या मृतदेहांशी ताडून बघायला तिचं रक्त घेऊन गेले होते. परवा ती पिशवी घेऊन आली.

"रक्त जुळलं," ती म्हणाली. बाजारात बिटाचा भाव सांगावा तसं.

रायिसाने स्टूल आणून फोटोखाली ठेवलं. झोयाने पिशवीतून वस्त्र काढलं. त्याच्या लग्नासाठी भरलेलं.

"दे, मी घालते," रायिसा म्हणाली.

"नको गं. माझं मी घालते."

ती स्टुलावर चढली, वस्त्र घातलं, उतरून पाहिलं. एक टोक खाली आलं होतं. पुन्हा चढली, सारखं केलं. काच पुसली. "केस..." एवढंच म्हणाली आणि पाव आणायला गेली.

आज म्हातारा हाव्रिलो माप घेऊन आलाय. जागा संपली, खाली आणखी एक फळी जोडायची म्हणतात.

नको रे हाव्रिलो. मी पुरे एवढाच. आणि जोडलीसच, तर राहू दे ती कोरी. घाई काय आहे, तूच म्हणाला होतास ना?