घरचं सोनं

"आमचंच सोनं वापरा हं, डॉक्टर!" रुमालाची गाठ सोडून शालिनीताईंनी आतली पाटली टेबलावर ठेवली. डॉक्टर वनमाला बघतच राहिली.

मागच्या आठवड्यात तिनं समजावलं होतं: सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी रक्तातला अल्झायमर ओळखायचा, आणि सुरुवातीचा असला तर तसल्याच कणांवरून औषध मेंदूपर्यंत न्यायचं. प्रयोग नवा होता. ताईंनी त्यातलं सोनं तेवढं ऐकलं! ग्वाल्हेरच्या दौलतगंजात कोण शहाणी बाई सोनाराच्या पदरचं सोनं घेते? घरचं द्यायचं आणि आटेपर्यंत समोर ठिय्या मारायचा. आठवडाभर आनंदानं त्यांचा पाय जमिनीवर ठरला नव्हता.

"अरे आजी, ये रहने दो! केसाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतं ते."

"अगं बाई! मग माझी पाटली अख्ख्या ग्वाल्हेरला पुरेल की!"

शेजारी त्यांचे यजमान जयसिंहराव मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. छप्पन साली इथलं सचिवालय भोपाळला हललं, तेव्हा नव्या नवरीसाठी या कारकुनानं बदली नाकारली, हलकी नोकरी पत्करली. आता मात्र ते रोज सकाळी पिशवी भरून भोपाळला निघत. यांना पुन्हा आपण आठवू, एवढीच ताईंची आस होती.

"रिपोर्ट आला ना? सांगा की लवकर!"

वनमालानं खुर्ची जवळ ओढली. "आजी, आजोबांचा आजार खूप पुढे गेलाय. त्यांना हे औषध नाही देता येणार."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"आणि तुलना करायला तुमचंही रक्त घेतलं होतं ना... त्यातही सापडलाय. पर एकदम शुरुआत है. तुम्हाला देता येईल. गॅरंटी नाही."

परवा आमटीत दोनदा मीठ पडलं होतं. त्याचा अर्थ ताईंना आता लागला. मग त्यांनी पदर सारखा केला.

"कधीपासून द्याल?"

"सोमवारपासून."

"आजच द्या ना! अहो, दोघांपैकी एकाला तरी आठवायला हवं." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाजात उत्साह मावत नव्हता.

जयसिंहराव उठले. पिशवी खांद्याला लावली. टेबलावरच्या पाटलीकडे लक्ष जाताच थांबले, ती उचलून अदबीनं ताईंपुढे धरली.

"बाईसाहेब, आपली पाटली राहिली."

शालिनीताईंनी हात पुढे केला.