शांतीबाई सतरा वर्षं गुहेत होती

मित्रांनो, मी पेटी आहे आणि जुनी आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे माझा पिवळा पडलेला रंग बघून तुम्हाला कुजबुजायला नको. बर्फाची पेटी नव्हे, मासळीचीही नव्हे. कॉम्प्युटरची. पनवेलच्या कोळीवाड्यात शांतीबाईच्या घरी मी वीस वर्षं काढली. तिच्याच शेजारी राहून माझी जीभही तिच्यासारखी झाली. तेव्हा बोलणं तिखट लागलं तर वर पाणी प्या.

मी काही मोठ्या कारखान्यात जन्मले नाही. स्टेशनजवळच्या एका गाळ्यात गुरुदत्त नावाच्या माणसाने एकेक भाग जोडून मला उभी केली. कुणाचा पंखा, कुणाची हार्ड डिस्क, पण काम असं चोख की पहिलं बटण दाबताच मी गुणगुणू लागले. शांतीबाईने मला पोरांच्या अभ्यासासाठी आणलं. कुंदन तेव्हा नववीत, समृद्धी सातवीत. अभ्यास किती झाला ते मी सांगणार नाही, मी चहाडखोर नाही. पण गुरुदत्तने माझ्यासोबत एक सीडी दिली होती आणि त्या सीडीत अख्खं राज्य होतं. जंगलं, किल्ले, जादूगार, आणि सगळ्यांच्या शेवटी गुहेत बसलेला आग ओकणारा ड्रॅगन.

त्या खेळात चार माणसांची टोळी करावी लागते. पोरांनी घरचीच चार नावं घातली. कुंदन तलवारवाला, समृद्धी जादूगारीण. त्यांचे बाबा, म्हणजे कमळाकर, यांना धनुष्य दिलं. ते मागे उभे राहून लांबूनच बाण मारायचे. आणि शांतीबाईच्या हातात कुऱ्हाड देऊन तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलं.

खरी शांतीबाई दुपारी बाजारातून टोपली रिकामी करून यायची आणि हातांना लिंबू चोळत माझ्यासमोर बसायची. इंग्रजी तिला ओ का ठो येत नव्हतं, पण व्यवहार कळत होता. खेळातल्या दुकानदाराला पोरांनी पहिल्याच बोलीत ढाल देऊन टाकली की ती कपाळावर हात मारायची. कमळाकर लांबून बाण सोडताना दिसले की म्हणायची, घरात पन असंच, मी पुढं नि हे मागं. कमळाकर जाळं सांधता सांधता हसायचे. उत्तर देण्याची चूक त्यांनी कधी केली नाही.

माझाही मान होता बरं. दसऱ्याला होडीच्या इंजिनाची पूजा झाली की दुसरा नंबर माझा. एका दसऱ्याला शांतीबाईने मला हळदकुंकू लावलं, इंजिनाला खोचते तसे मागच्या जाळीत झेंडू खोचले आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं. इंजिनाला असल्या लाडाने काही होत नाही. मी आठ दिवस मुकी झाले. गुरुदत्तने येऊन ओंजळभर पाकळ्या उपसल्या तेव्हा कुठे मला कंठ फुटला.

शेवटी पोरं गुहेपर्यंत पोचली. पण ड्रॅगन पहिला फुत्कार टाकायचा आणि सगळ्यांत पुढची शांती जळून पडायची. मग बाकीचे तिघे. पुन्हा गुहेच्या तोंडापासून सुरुवात. मला पुढं घालता नि मलाच पयली मारता, म्हणून शांतीबाई दोघांना झोडपायची. अशी ती अकरा वेळा मेली. मग कुंदनची बारावी आली. पुढे तो जहाजावर लागला, समृद्धी नर्सिंगला गेली. चौघांना गुहेच्या तोंडाशी उभं करून, माझ्या पोटात साठवून पोरं उठली ती उठलीच.

पुढचं काय सांगू? माझ्यावर आधी चादर आली, मग मिक्सर, मग कोलंबीच्या लोणच्याची बरणी. तिच्या तेलाचा गोल डाग माझ्या डोक्यावर अजून आहे. पण पोटातल्या चौघांना मी सतरा वर्षं सांभाळलं. त्यातलं एकही माणूस हरवू दिलं नाही.

यंदा घर कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये हलवायचं ठरलं. कुंदन सुट्टीवर आला होता, समृद्धीने उलव्याहून रजा टाकली होती. आवराआवर चालली असताना भंगारवाला आला आणि मला एका हाताने उचलून वजन बघू लागला. मेल्याला लाज नाही. तेवढ्यात समृद्धी माझ्याकडे बघतच राहिली.

"दादा," ती म्हणाली, "आपण आयेला गुहेतच सोडलंय."

शांतीबाई भांडी बांधत होती, ती हातातली कढई टाकून आली. तिने भंगारवाल्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि बजावलं की मी गुहेतून भायेर आले की पेटी तुजी.

गुरुदत्तला फोन गेला. तो आला, डोकं पांढरं झालेलं. त्याने माझी पाठ उघडली आणि पंख्याच्या खाचेतून एक वाळलेली पाकळी काढून शांतीबाईच्या हातावर ठेवली. वहिनी, तुमचा दसरा अजून आतच आहे, म्हणाला. मग बटण दाबून माझ्या पोटाला कान लावला आणि त्याचं हसू गेलं. हार्ड डिस्क खडखडतेय, म्हणाला, चाललीच तर एकदा चालेल. हरलात तर पुन्हा सुरुवात मिळेलच असं नाही.

मी होता नव्हता तेवढा जीव एकवटला. सीडी माझ्या तोंडातच होती. पडदा उजळला आणि चौघं तिथेच उभी, जशी ठेवली होती तशी. आये, तू काय बारीक होतीस गं, असं समृद्धी म्हणाली आणि एक धपाटा खाल्ला.

ड्रॅगनने पहिला फुत्कार टाकला. शांतीचा जीव केसाएवढा उरला. समृद्धीने घाईने टोळीची पिशवी उघडली. आत औषधाच्या सदतीस बाटल्या. पोरांनी एकही कधी फोडली नव्हती.

"ह्या थांबव," कुंदन म्हणाला. "शेवटी लागतील."

शांतीबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की माझा पंखाच बंद पडायचा राहिला. "सतरा वर्सं झाली, अजून कवा शेवट येनार हाय रं? टोपलीतलं पापलेट मी उद्याला ठेवलं काय कवा? पाज मना."

पाजली. एक, मग दुसरी. बापाला पन दे, लांब असला तरी भाजलाय, असा पुढचा हुकूम आला. पाठीमागून खरे कमळाकर हळूच म्हणाले, आज मला पुढं घ्या. कुंदनने त्यांना शांतीच्या शेजारी आणून उभं केलं. बाटल्या फुटत होत्या, कुऱ्हाड चालत होती, मी खडखडत होते. पिशवीत दोन बाटल्या उरल्या तेव्हा ड्रॅगन कोसळला.

चौघं गुहेतून उन्हात आली. पडद्यावर नावं सरकू लागली, सगळ्यांत वर शांतीचं. इंग्रजीत तिला एवढंच नाव वाचता येतं, आणि ते तिला मी शिकवलं. तिने बोट ठेवून ते दोनदा वाचलं.

भंगारवालाही आत येऊन टाळ्या वाजवत होता. मग त्याने मला उचलायला हात पुढे केला.

"ही नाय," शांतीबाई म्हणाली. "तो मिक्सर ने."

टेम्पोतून मी तिच्या मांडीवर बसून कामोठ्याला आले. दोन दिवसांनी माझी हार्ड डिस्क थांबली. थांबू दे, मी माझं काम पुरं केलं. आता हॉलमध्ये खिडकीशी असते.

तर मित्रांनो, तुमच्या घरात एखादी पेटी असेल तर तिच्यावरची बरणी आजच उतरवा. आत तुमचं कोण उभं आहे ते बघा, आणि त्यांच्या पिशवीत बाटल्या असतील तर पाजून टाका. आणि दसऱ्याला फूल वाहायचं तर एकच वाहा, तेही पंख्यापासून लांब.