कांताच्या रक्ताची सरासरी

डॉक्टर रत्नमालाबाईंनी गरोदर कांताच्या रक्तातलं मोकळं ड जीवनसत्त्व दोन पद्धतींनी मोजलं आणि कपाळाला हात लावला. पडद्यातून गाळून मोजलं तर फारच कमी, सूत्राने काढलं तर भरपूर. गाळणं इतकं संथ, की तेवढ्यात चरोद्याच्या रेल्वे यार्डातली मालगाडी दुर्गला जाऊन, चहा पिऊन परतावी.

कांताचा नवरा देवीदास पोलाद कारखान्यात केमिस्ट. त्याने लगेच दोन्हींची सरासरी काढली. “भट्टीच्या नमुन्यांचं आमी असंच करतो, मॅडम. नॉर्मल निघालं. औषध कावून घ्यायचं?”

“अहो, हे जीवनसत्त्व बांधून ठेवणारं प्रथिन सूत्र सगळ्यांच्या रक्तात सारखंच धरतं. गरोदरपणात ते वाढतं, मोकळं कमी उरतं, म्हणून सूत्र चुकतं. चुकीची कसली सरासरी?”

“पण दोन रीडिंग आले तर...”

“मले पाटावरून उठता येऊन नाही राहिलं,” कांता म्हणाली, “अन् हे भागाकार करून राहिले.”

रत्नमालाबाईंनी औषध लिहिलं आणि चिठ्ठी कांताच्याच हातात दिली.