समाजाची सही

विज्ञान आणि नवोन्मेष धोरण समितीच्या बैठकीला समाज आला नव्हता, आणि बैठक सुरू व्हायला सात मिनिटं उरली होती.

समाज म्हणजे समितीवरचे समाज प्रतिनिधी, एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी सकाळी कळवलं होतं की गुडघा धरलाय. नव्या धोरणात तर स्वच्छ लिहिलेलं, की समाजाच्या सहीशिवाय समितीचा एकही अहवाल ग्राह्य धरला जाणार नाही. हे वाक्य ज्याने घातलं त्याचा हेतू चांगलाच असणार, पण समाज कुठून आणायचा हे लिहायला तो विसरला होता. सचिवांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, तेव्हा खिडकीपाशी शिडीवर उभी असलेली एक बाई दिसली. तोंडात चार टाचण्या धरून ती पडद्याची लांबी बघत होती.

"बाई, तुम्ही कुठल्या विद्यापीठात वगैरे आहात का?"

तिने टाचण्या काढल्या. "नाही हो. मी पडदे शिवते."

"कारखानाबिरखाना?"

"दोन मशिनी आहेत. त्यातली एक बिघडलीये."

"म्हणजे विज्ञान नाही, शिक्षण नाही, उद्योगही नाही." सचिवांचा जीव भांड्यात पडला. "मग तुम्ही समाज. उतरा खाली."

अशा रीतीने पडदेवाली समाज झाली. तिच्यापुढे 'समाज' अशी पितळी पाटी ठेवली गेली, चहा आला, बिस्किटं आली. मुख्याध्यापकांचा गुडघा काही सुधारला नाही, त्यामुळे पुढेही तीच समाज राहिली. बाकीचेही पाटीनेच ओळखले जात. विज्ञान हे अध्यक्ष. त्यांनी तरुणपणी कसलासा शोध लावला होता आणि उरलेली हयात त्याबद्दल बोलण्यात घालवली होती. उद्योग कायम फोनवर. शिक्षण म्हणून एक प्राध्यापिका होत्या, त्या बोलणारा कोणीही असो, मान डोलवायच्या.

पहिल्या बैठकीत पडदेवाली अंग चोरून बसली. दुसऱ्या बैठकीत तिला समुद्रतळाच्या नकाशावर मत विचारलं. समुद्र तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून. "चांगलंच आहे की," ती म्हणाली. "समाजाचा पाठिंबा," सचिवांनी टिपून घेतलं. मग बोलणाऱ्या कचरापेट्या आल्या, एक उपग्रह आला, ढगांवर कसलीशी भुकटी मारायची योजना आली. तिने सगळ्यांवर मत दिलं आणि सगळ्यांवर सही केली. "बाई, तुमच्यात एक उपजत शहाणपण आहे," असं विज्ञान म्हणाले तेव्हा ती हरभऱ्याच्या झाडावर चढली. बैठकीसाठी तिने वेगळी चप्पल घेतली.

एकदा वाचनालय बंद करून तिथे यंत्र बसवायचा प्रस्ताव आला. अंगठा लावला की काचेवर वर्तमानपत्र उघडणार. तिने नेहमीसारखी सही ठोकली. तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरचे गवंडीकाका तिच्या दारात उभे. रोज सकाळी वाचनालयात जाऊन पेपर वाचणं हा म्हाताऱ्याचा एकमेव नाद. चाळीस वर्षं सिमेंट कालवून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या आणि यंत्र त्यांना ओळखायला तयार नव्हतं. "त्या कागदावर तुझी सही आहे म्हणे," ते म्हणाले. भांडायला नव्हते आले, नुसतं विचारायला आले होते. तिने त्यांना चहा दिला, "बघते हं काका," म्हणाली, आणि काहीही बघितलं नाही.

इकडे आठवड्यातून तीनदा ती नवऱ्याला डायलिसिसला नेत होती. तीन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. सरकारी रुग्णालयाच्या तळघरात नऊ खाटा, नऊ यंत्रं आणि तीन सिस्टर. यंत्रं जुनाट होती, पण मोठ्या सिस्टरला प्रत्येकाच्या खोडी पाठ होत्या. कुठलं उगाच बोंबलतं, कुठल्याची बोंब खरी असते, हे त्या पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी सांगायच्या. चार तास नवऱ्याचं रक्त त्या नळ्यांतून फिरून स्वच्छ होऊन परत यायचं आणि पडदेवाली शेजारच्या स्टुलावर बसून पडद्यांना हुक लावायची. तळघरात फोन मात्र अजिबात लागत नसे. कोणाशी बोलायचं तर स्ट्रेचर आणायच्या उतारावरून वर जायचं आणि उघड्यावर उभं राहायचं. त्या उतारावर नऊ पेशंटांचे नातेवाईक आलटून पालटून उभेच असत.

नवव्या महिन्यात समितीपुढे 'स्मार्ट डायलिसिस' आलं, आणि प्रयोगासाठी निवडलं होतं तेच तळघर. पडदेवाली हरखली. जाड पुस्तिका ती नवऱ्याच्या खाटेशी बसून ओळन् ओळ वाचायला लागली. नवी यंत्रं दूरच्या एका केंद्रातून चालणार होती, म्हणून तीनऐवजी एकच सिस्टर पुरणार होती. पुढे लिहिलं होतं की यंत्र दर पाच मिनिटांनी नेटवर्कवरून केंद्राची परवानगी घेईल, आणि ती न मिळाल्यास सुरक्षित अवस्थेत जाईल.

"सुरक्षित अवस्था म्हणजे काय हो सिस्टर?"

"म्हणजे बंद पडेल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"पण इथे तर रेंजच नाही!"

"मग?"

"मग पाहणीला आले त्यांना तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कोण आलं होतं पाहणीला? फोटो मागवले होते, ते पाठवले. फोटोत रेंज कुठे दिसते?"

नवरा खाटेवरून हसला. "अगं, तू आहेस ना तिथे एवढी मोठी समाज. सांग की. एका वाक्याचं तर काम आहे."

ते वाक्य तिने बैठकीच्या दिवशी जिना चढताना दोनदा म्हणून पाहिलं. विषय निघताच हात वर केला. "साहेब, त्या तळघरात रेंज येत नाही. माझे मिस्टर तिथेच असतात, त्यामुळे मला..."

सचिवांचं पेन थांबलं. "तुमचे मिस्टर तिथे उपचार घेतात?"

"आठवड्यातून तीनदा."

"अरे अरे! मग तुम्हाला या विषयावर बोलता येणार नाही, बाई. हितसंबंध आला. कलम चौदा. निर्णय ज्याच्या घरच्या माणसाला लागू होतो, त्याने त्या विषयापुरतं बाहेर बसायचं. तुम्ही आत्ता बोललात ते मी नोंदवत नाही, काळजी करू नका."

"अहो, पण मला तिथलं माहितीये म्हणून तर सांगतेय!"

"तीच तर अडचण आहे. समाज कसा निष्पक्ष हवा."

"समुद्राबद्दल विचारलंत तेव्हा मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं."

"आणि किती छान बोलला होतात तेव्हा," विज्ञान प्रेमाने म्हणाले.

पडदेवालीचा पारा चढला. तिने उद्योगाकडे बोट केलं. "आणि यांचं काय? ही यंत्रं यांच्या मेव्हण्याच्या कारखान्यातली आहेत. पुस्तिकेच्या मागे छापलंय."

"तो अनुभव झाला," सचिव म्हणाले. शिक्षणाने मान डोलवली.

तिला व्हरांड्यातल्या बाकावर नेऊन बसवलं. आत तिच्या नवऱ्याच्या रक्ताचा निकाल लागत होता आणि ती बाहेर बसून आपल्या नव्या चपलेकडे बघत होती. वीस मिनिटांनी शिपायाने टिपणाची प्रत आणून दिली. 'समाजाचे मत' या रकान्यात लिहिलं होतं: समाज गैरहजर, हरकत नाही.

"सही कुठे करायची?" तिने कडवटपणे विचारलं.

"आत्ता नाही, ताई. आधी चाचणी. चाचणीला सही लागत नाही, चाचणीच्या अहवालाला लागते. तेव्हा बोलावतील तुम्हाला."

"आणि तेव्हा नाही का माझा हितसंबंध आड येणार?"

शिपायाची नोकरी पंचवीस वर्षांची होती. "तो बोलायला आड येतो, ताई. सहीला येत नाही."

चाचणीचा मुहूर्त सोमवारी सकाळी दहाचा निघाला. दोन दिवसांच्या खंडानंतरचा सोमवार म्हणजे डायलिसिसवाल्यांचा सगळ्यात वाईट दिवस. अंगात पाणी साठून नवऱ्याचे पाय टम्म सुजले होते, बोलताना धाप लागत होती. जुनी यंत्रं पहाटेच उचलून उताराच्या तोंडाशी ट्रकमध्ये भरली होती. तळघरात नऊ चकचकीत पांढरी यंत्रं, त्यांना फीत, आणि फितीमागे नऊ पेशंट. विज्ञानाने आपल्या शोधाबद्दल चार शब्द सांगितले, फीत कापली, बटण दाबलं. यंत्रावर निळी अक्षरं उमटली: केंद्राशी संपर्क होत आहे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षरं तिथेच होती. पाच मिनिटांनी टाळ्या वाजवायला काही कारण उरलं नाही.

उद्योगाने इंजिनिअरला लावायला फोन काढला, हलवला, कपाळाशी धरला, आणि उतार चढून वर गेला. त्याला शोधायला सचिव गेले. सचिवांना हाका मारत विज्ञान गेले. शेवटी अख्खी समिती उतारावर हात उंच करून, फोन आभाळाकडे धरून उभी राहिली. एरवी पडदेवाली पोट धरून हसली असती. पण मोठ्या सिस्टरने तिला बाजूला घेतलं. "यांना आजच झालं पाहिजे. कोपऱ्यातल्या आजींना तर आत्ताच्या आत्ता. उद्यावर गेलं तर मी काही सांगू शकत नाही."

ती धावत वर गेली तेव्हा ट्रकच्या बोनेटवर कागद ठेवून बैठक भरलेली होती. गणसंख्या पूर्ण आहे असं सचिवांच्या लक्षात आलं होतं आणि अहवाल तयारही झाला होता. त्यांनी तो तिच्यापुढे धरला. यंत्रांत कोणताही दोष आढळला नाही. जागेत नेटवर्क नसल्याची माहिती समाजाने वेळेत दिली नाही. सबब समाजजागृतीसाठी वेगळा निधी द्यावा, आणि योजना आणखी अकरा रुग्णालयांत तातडीने सुरू करावी.

"मी सांगत होते, तर तुम्ही मला बाहेर काढलंत!"

"त्याची नोंद नाही ना बाई. नोंदीप्रमाणे तुम्ही गैरहजर होतात," सचिव समजुतीने म्हणाले. "इथे करा सही. बारा वाजता पत्रकार येतायत."

असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. कागद फाडून त्यांच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. पण खालून आजींचा कण्हण्याचा आवाज येत होता आणि घड्याळात अकरा वाजत आले होते. तिने पेन घेतलं, मुठीत घट्ट धरलं.

"करते सही. आधी जुनी यंत्रं खाली न्या. नऊच्या नऊ."

"अहो, ती भंगारात निघालीत! आणि हमाल तर गेले."

"मग तुम्ही आहात की."

त्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. उद्योगाने घड्याळ बघितलं, शिवी गिळली आणि कोट काढून ट्रकला टांगला. मग नवोन्मेष धोरण समितीने आपल्या स्थापनेपासूनचं पहिलं उपयोगी काम केलं. विज्ञानाने पुढून ओढलं, उद्योगाने मागून सावरून धरलं, शिक्षणाने नळ्या सांभाळल्या आणि सचिव उलटे चालत रस्ता मोकळा करत होते. "डावीकडे साहेब, डावीकडे! भिंतीला घासतंय!" मोठ्या सिस्टर खालून ओरडत होत्या. पाण्याच्या जोडण्या करायला आणि यंत्रं धुऊन घ्यायला दीड तास गेला. पत्रकारांना वरच्या वर बिस्किटं दिली. पहिल्यांदा आजींना लावलं, नवऱ्याचा नंबर पाचवा लागला. नववं यंत्र सुरू होईपर्यंत पडदेवालीने मूठ उघडली नाही.

मग तिने सही केली. सचिव कागद घेऊन पळाले.

तासाभराने नवऱ्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "कशावर केलीस गं सही?"

"चूक समाजाची होती, असं लिहिलंय."

"लिहू देत. आपलं काय जातंय?"

"आणि अजून अकरा रुग्णालयांत हीच यंत्रं बसवायची."

जुनी यंत्रं घरघरत होती. तो आवाज ऐकून तिला हायसं वाटत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती, दोन्ही एकदम. "अगं, मग त्यांना कळव तरी," तो म्हणाला.

तिने मोठ्या सिस्टरकडून त्या अकरांपैकी जवळच्या रुग्णालयाचा नंबर घेतला, उतार चढून वर गेली आणि फोन लावला. पलीकडे कोणी कारकून होता. तिने सांगितलं, मी डायलिसिसच्या पेशंटची बायको बोलतेय, त्या नव्या यंत्रांबद्दल जरा सांगायचं होतं.

"तक्रार असेल तर समाज प्रतिनिधींमार्फत पाठवा, बाई."

"मीच समाज प्रतिनिधी आहे."

"अरे वा! मग तुमच्या सहीचा कागद आत्ताच मिळाला की. आमची जुनी यंत्रं आता ट्रकमध्येच चढवतायत."

पडदेवालीने उताराखाली बघितलं. "तुमच्याकडे डायलिसिस कुठे करतात हो?"

"खाली, तळघरात," तो म्हणाला. "का?"