देवी झालेला होडीचा खुंटा

मित्रांनो, माझ्या कमरेच्या सात रंगांच्या पट्ट्या, झेंडूची माळ आणि पुढ्यातल्या लाल सरबताच्या बाटल्या बघून हात जोडू नका. मी देवी नाही. मी एक जुना खुंटा आहे, होड्या बांधायचा.

बँकॉकच्या कडेला बांग खाएम नावाची आमची वस्ती आहे. एकसारखी घरं, एक मिनीमार्ट. बाकी सांगण्यासारखं काही नाही, असं इथलेच लोक म्हणतात. अहो, इथे कालवा वाहत होता! फुम मिस्त्रींनी ताखियान नावाच्या झाडाचा सोट तासून मला त्याच्या काठावर रोवलं. पूर आला की पाणी जिथवर चढेल तिथे ते माझ्या अंगावर खाच पाडत आणि शेजारी सालाचे शेवटचे दोन आकडे कोरत. आमच्याकडे साल बुद्धाच्या निर्वाणापासून मोजतात. २४८५ च्या पुराची खाच सगळ्यात वर आहे, शेजारी नुसतं ८५.

काय दिवस होते! शेवयांच्या होड्या, नारळाच्या होड्या. दोर घासून घासून माझ्या अंगावर गुळगुळीत वळ पडला. सगळ्यात नेमाने यायची ती पोस्टाची होडी. थोंगयू पोस्टमन एका हाताने फास टाकायचा, वर बघायचासुद्धा नाही. "बांधलं रे बाबा तुला," म्हणायचा, "आता पळू नकोस!" मी कुठे पळतोय!

मग कालवा बुजवला. रस्ता आला, लांबलांबून नवी माणसं राहायला आली. मी निम्मा मातीत गेलो. कित्येक वर्षं माझ्याजवळ फक्त कुत्री थांबायची.

एके दिवशी कोणीतरी म्हणालं, ताखियानच्या लाकडात आई वास करते. झालं! रंगीत पट्ट्या आल्या, उदबत्त्या आल्या. लॉटरीच्या आदल्या दिवशी बायका माझ्या अंगाला पावडर चोळून आकडे शोधू लागल्या. त्यांना ८५ सापडला आणि एकीला तो चक्क लागला! फुम मिस्त्रींनी जीव मुठीत धरून कोरलेला पूर लोक तिकिटात शोधायला लागले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. इतक्या वर्षांनी कोणी विचारत होतं.

थोंगयू मात्र मला विसरला नव्हता. आता ब्याऐंशीचा झालाय, मागच्याच गल्लीत मुलीकडे, विलाईकडे राहतो. "इथे धक्का होता," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मी होडीतून पत्रं वाटायचो." मिनीमार्टच्या पायरीवरून तो पाय जपून खाली टाकायचा, होडीत टाकतात तसा. लोक हसायचे.

"बाबा, तुम्ही सायकलवर जायचात. मी बघितलंय ना!" विलाई म्हणायची. तिचा जन्म कालवा बुजल्यानंतरचा. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, यांचं विसरणं वाढत जाईल. एकदा माझ्याजवळच ती शेजारणीला म्हणाली, "पुढच्या महिन्यात बाबांना दादाकडे पाठवते, तिकडे लांब कोराटला. माझ्याच्याने होत नाही गं आता." ती दुष्ट नव्हती, थकली होती. पण थोंगयूने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो तरातरा आला आणि माझ्या पट्ट्या सोडायला लागला.

"अहो काका! देवीची वस्त्रं ओढताय?" बायका किंचाळल्या.

"कसली डोंबलाची देवी! माझा खुंटा आहे हा. दोराचा वळ दाखवतो, मग बोला!"

विलाई धावत आली. "बाबा, घरी चला. पुरे झाला तमाशा."

तो गाठींशी झटतच राहिला. मी मनातल्या मनात किती ओरडलो, पण लाकडाला तोंड कुठलं?

माझ्या शेजारी सम्नियांग मावशी हातगाडीवर तळलेली केळी विकते. रोज मला पुसतेही तीच. तिने झारा खाली ठेवला. "थांबा गं सगळ्या. आईलाच विचारते." तिने उदबत्ती लावली. "आई, म्हाताऱ्याला एकदा बघू दे. राग आलाच तर माझ्यावर काढ, माझी केळी करपव!" मग तिने एकेक गाठ सोडली.

सगळ्या पुढे सरकल्या. तिथे दोराचा वळ होता, गोल, पुरता. खाचा होत्या. प्रत्येक खाचेशेजारी साल होतं.

थोंगयूने मावशीच्या गाडीचा दोर उचलला. न बघता, एका हाताने फास टाकला. तो नेमका वळात बसला.

"बांधलं रे बाबा तुला," तो पुटपुटला.

पन्नासेक वर्षांनी ऐकलं हो मी ते! डोळे असते तर ढसाढसा रडलो असतो.

विलाईने दोर ओढून पाहिला. गाठ हलली नाही. तिने वळावरून सगळीकडे बोट फिरवलं. मग ती मावशीच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाबा, शेवयांची होडी कुठे थांबायची?"

"सरक जरा," थोंगयू म्हणाला, "सांगतो."

कोराटची गोष्ट पुन्हा निघाली नाही. सकाळी काय खाल्लं ते थोंगयू अजूनही विसरतो. पण संध्याकाळी दोघं इथे येतात, तो दाखवतो आणि ती वहीत नकाशा काढते. माझ्या पट्ट्या आता वळाच्या वर बांधतात. "पूर असो नाहीतर काही असो," बायका म्हणतात, "पंच्याऐंशी आम्ही सोडणार नाही!" घ्या बापड्यांनो.

मित्रांनो, मला फुलं नकोत, सरबतही नको. फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, इथे आधी काय होतं? आजच विचारा. मी ताखियानचं लाकूड, मी अजून खूप वर्षं टिकेन. थोंगयू नाही, आणि विलाईची वही अजून अर्धीच भरली आहे.