भाता कोणी मारायचा

पेटीची पट्टी दाबली की डायनाच्या अनामिकेचा शेवटचा सांधा आधी मागे कलायचा आणि सूर मग यायचा. मधलं अंतर इतकं थोडं, की ऐकणाऱ्याला कळत नसे. पण शिरूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या डायनाला ते पक्कं ठाऊक होतं. जोर बोट वाकण्यातच खर्च व्हायचा आणि उरलासुरला पट्टीला मिळायचा. म्हणून ती बोट जरा अगोदरच रेटायची. उपासनेतलं एक गायन संपेपर्यंत हात मनगटापर्यंत ठणकायला लागायचा.

आज सूर वेळेवर आला.

तिनं हात उचलून तीच पट्टी पुन्हा दाबली. पुन्हा आला. बोटावर चांदीच्या दोन कड्या होत्या, एकमेकींना तिरक्या जोडलेल्या, एक सांध्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे. बोट पुढे वाकत होतं, मागे जायला मात्र त्या वावच देत नव्हत्या. डॉक्टरांनी काढून दिलेल्या चित्रावरून सोनारानं त्या दोनदा मोडून पुन्हा घडवल्या होत्या. शाळेतून येताना त्या घेऊन डायना घरी न जाता थेट चर्चमध्ये, पेटीपाशी आली होती.

तिला शोधत आई आली. मार्थाची नजर आधी बोटावर गेली. चर्चभोवतीच्या मिशन कंपाउंडात मुलीच्या बोटात नवी अंगठी दिसली की संध्याकाळपर्यंत मुलाचं गाव काढलं जातं.

"एका बोटात दोन?" मार्था म्हणाली. "किती जणांना होकार दिलास गं?"

"एकालाही नाही. हे ऐक."

तिनं सरगम वाजवून दाखवली, मग उलटी, मग झपाझप. मार्थाला सुरांतलं फारसं कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा कळत होता. असा चेहरा तिनं मागच्या वर्षी पाहिला होता, पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं त्या दिवशी. सांधे बांधून ठेवणारं अंगातलं जाळंच जन्मापासून सैल आहे, ते बरं होणार नाही, सांभाळावं लागेल, असं ऐकून ही पोरगी एसटीत खिदळत घरी आली होती. त्याआधी सगळे रिपोर्ट चांगले यायचे आणि लोक नखरे म्हणायचे. चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथ शाळेत अंगठा मनगटाला टेकवून टाळ्या घेणारी मुलगी दुखतंय म्हणाली, तर कोणाला खरं वाटणार? खांदा निसटायला लागला तेव्हा मार्थानंच तिला मांडवगण फराट्याला हाडं बसवणाऱ्याकडे नेलं होतं. त्यानं हात असा ओढला, की उरलेली पकडही गेली.

तोच खांदा आता आडवा येत होता. डायना नाताळचं गायन वाजवू लागली. उजवा हात पाण्यासारखा चालला होता. दुसऱ्या कडव्यात मात्र भाता मारणाऱ्या डाव्या खांद्यात ती ओळखीची सरक जाणवली. एरवी ती दात आवळून पुढे गेली असती. आज थांबली.

"का गं थांबलीस?" दारातून शलमोनमामांनी विचारलं.

मामा कंपाउंडातल्या सगळ्यांचेच मामा. तरणेपणापासून उपासनेची पेटी त्यांच्याकडे होती. सोमवारी त्यांचा मुलगा स्टीफन त्यांना कायमचं दौंडला नेणार होता. पेटी कोणाच्या हाती द्यायची हे आजच पाळकसाहेबांना सांगायचं होतं, नाहीतर तयार तालांचा कीबोर्ड येणार आणि पेटी कपाटावर जाणार. पेटी घेशील का, असं मामा तिला गेली तीन वर्षं विचारत होते आणि ती "बघू" म्हणत होती. खांद्याचं तिनं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

"खांदा निसटतोय, मामा," ती म्हणाली.

मामांनी काही म्हणायच्या आत मार्था पेटीमागे जाऊन बसली आणि तिनं भात्याला हात घातला.

"तू बोटं बघ. ह्ये मी बघते."

तिनं भाता असा हाणला, की पेटी केकाटलीच.

"मार्थाबाई, लोहाराचा न्हाई तो," मामा म्हणाले, आणि तिघंही हसत सुटले.

मग भाता संथ झाला. डायनानं पुन्हा सुरुवात केली. दोन ओळींनंतर तिच्या ध्यानात आलं, की डावा हात मोकळा आहे. पेटीपाशी तो आजवर कधी मोकळा नव्हता. त्या बोटांना कड्या नव्हत्या, म्हणून तिनं अंगठ्यानं खालची एकच पट्टी दाबून धरली. खर्ज उठला आणि पायाखालच्या फरशीपर्यंत भरला. मार्था भाता मारता मारता पेटीच्या लाकडाकडे बघत राहिली.

गायन संपलं. मांडी घालून बसल्यानं गुडघे जळत होते, पाठ बोलत होती, आणि तरी तिला पुन्हा पहिल्यापासून वाजवावंसं वाटत होतं.

"आपला भाता आपणच मारायचा, अशी रीत हाय," मामा म्हणाले. चष्मा काढून ते सदऱ्याला पुसत राहिले. "खालचे सूर मी विसरलोच व्हतो बघ. मंग? काय सांगू पाळकसाहेबांना?"

"बघू" अगदी ओठांवर आलं होतं. तिनं कड्या बोटावर नीट बसवल्या आणि आईकडे पाहिलं. भात्यावरचा हात मार्थानं अजून काढला नव्हता.

"पेटी मी वाजवणार, मामा. टेबलावर ठेवून, खुर्चीत बसून. भाता आई मारेल. आणि दुखलं की मी मधेच थांबणार, सगळ्यांसमोर."